चार रेघा

रुसे गावात, डॅन्यूबच्या काठी,
सातव्या मजल्यावर, आईनं पीठ मळून पुसलेल्या टेबलावर
मी तो ठेवला: ड्युरॉन, सहाशे मेगाहर्ट्झ,
जांभळट मातीची चौकट, मधोमध काळा आरसा
नखाएवढा.
दुकानातला सगळ्यात स्वस्त.
सिलिस्त्राच्या बागांत दोन उन्हाळे
जर्दाळू वेचले होते मी त्याच्यासाठी.

त्वेतान म्हणाला होता, झोर्नित्सा,
हा धावू शकतो, पण धावू देत नाहीत.
पाठीवरचे पूल तोडून मगच बाजारात पाठवतात.
पूलच म्हणतात त्यांना, खरंच:
सोनेरी ठिपक्यांच्या चार जोड्या
आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये केसाएवढी दरी.
आणि दरीवरून वीज चालत जाते
साध्या शिसपेन्सिलीच्या रेघेवरून.

माझी शाळेची पेन्सिल कडक निघाली.
रेघ उमटेना. दाबली,
तर दुसरी तिसरीत मिसळली
आणि पडदा काळा तो काळाच.
पुसायला घरात स्पिरिट नव्हतं, रकिया होती.
कापसाच्या बोळ्यानं मी प्रोसेसरला
आजोबांची जर्दाळूची दारू पाजली.

वासानं बाबा उठून आले.

बाबा, म्हणजे वेलिच्को द्राफ्चेव,
नदीच्या गोदीत एकोणीस वर्षं नकाशे काढणारे.
बार्जचे नाळ, बार्जचे तळ,
बारा मीटर पत्रा एका कागदावर.
मग एका सोमवारी तिरके फळे उचलून नेले
आणि त्या जागी दोन पोरं आली, दोन कॉम्प्युटर.
माझ्या मशीनकडे ते पाठ करूनच जेवायचे.

आता वाकले. बराच वेळ.
"काय काढायचंय?"
रेघा. चार.
"केवढ्या?"
मिलीमीटरभरही नाहीत.
"कशासाठी?"
वेगासाठी.
"घाई कसली आहे तुला?"

यावर मी काय बोलणार.
नऊशेपर्यंत जाईल, म्हटलं.

ते आत गेले. पत्र्याचा डबा घेऊन आले,
कडकपासून मऊपर्यंत ओळीनं झोपलेल्या पेन्सिली.
सगळ्यात मऊ उचलली, अंगठ्याएवढीच उरलेली,
ब्लेडनं तासली, कागदावर घासली, पुन्हा तासली,
टोक ओठांना लावून पाहिलं.
मग श्वास धरला.
एक.
दोन.
खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं, ते थांबेपर्यंत थांबले.
तीन. चार.
आणि पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढतात तशी
हलकी फुंकर.

खिडकी उघडी ठेवली आम्ही.
जानेवारीची नदी घरात आली,
बाबा ओव्हरकोट घालून बसले,
आई शिव्या देत दुसऱ्या खोलीत गेली.
जंपर, बटण, पंख्याची घरघर,
आणि डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत: ९००.

मी ओरडले.
बाबांनी विचारलं, "सरळ आल्या का?"
विजेला काय कळतं बाबा, सरळ की वाकडी.
"मला कळतं," म्हणाले.

त्या रेघा टिकायच्या नाहीत.
पंखा घट्ट बसवताना आरशाचा एक कोपरा मीच उडवला होता,
वर भट्टीसारखी ऊब;
तीनचार महिन्यांत शिसं विरायचं
आणि मशीन पुन्हा मुकाट्यानं सहाशेवर.
मी काही सांगायचे नाही.
टेबल पुसून चौकट तिथं ठेवायचे, शेजारी भिंग.
रात्री डब्याचं झाकण वाजायचं.

जुलैत मात्र नऊशे झेपेना. खेळ मध्येच गोठायचा.
आठशेवर आणलं. बाबा म्हणाले,
बार्जसुद्धा भरून नेतात तेव्हा सावकाश नेतात.

त्याच आठवड्यात एकदा, मी दात घासत असताना,
ते माझ्या खुर्चीवर बसले होते.
पडद्यावर कोरं पान.
हातात माउस, उलटा धरलेला,
चष्मा कपाळावर,
आणि ते त्याचं टोक शोधत होते.